ब्रिटनहून नेर्हाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. "आई-बाबा जूनमध्ये येतायत, आठवडाभर समुद्रावर न्यायचंय. तुम्ही ते स्पेनमधलं गाव सांगितलं होतंत ना?" ते गाव म्हणजे नेर्हा. मी इंग्लंडमध्ये राहते. नेर्हाला आधी नवऱ्याबरोबर गेले, मग मुलांना घेऊन आणि एकदा माझ्या आई-वडिलांनाही घेऊन. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सुरुवातीला कागदपत्रं घेतली आहेत, कारण सहली तिथेच अडतात.

नेर्हा आहे कुठे, आणि नेर्हाच का?

स्पेनच्या दक्षिणेला, मालागा प्रांताच्या पूर्व टोकाला. मालागा शहरापासून पन्नासेक किलोमीटर. पाठीशी अल्मिहारा डोंगर, समोर भूमध्य समुद्र, मध्ये पांढऱ्या घरांचं गाव. स्पॅनिशमध्ये 'जे' अक्षराचा उच्चार घशातून 'ह' असा होतो, म्हणून नेर्हा. बसवाल्याला 'नेरजा' म्हटलंत तर तो क्षणभर विचारात पडतो.

उंच हॉटेलांच्या रांगा इथे नाहीत. गाव पायी फिरण्याएवढं आहे, आणि संध्याकाळी आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळांपर्यंत सगळे बाहेर पडतात. दहा वाजता चौकात मुलं खेळत असतात आणि म्हातारी माणसं बाकावर गप्पा मारत बसलेली असतात. आपल्या वडीलधाऱ्यांना अशा ठिकाणी परकं वाटत नाही. माझ्या मनात हे कारण पहिलं आहे, समुद्र दुसरा.

भारतीय पासपोर्ट आहे, पण ब्रिटनमध्ये राहायचा परवाना आहे. तरी व्हिसा लागतो?

लागतो. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. स्पेन त्यात आहे, ब्रिटन कधीच नव्हतं, त्यामुळे इथला वर्क व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना स्पेनच्या सीमेवर उपयोगाचा नाही. शेंगेनचा अल्प मुदतीचा व्हिसा काढावा लागतो. तो कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी झालेला असावा लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण पंचेचाळीस दिवसांपर्यंत लागू शकतात. जून २०२४ पासून मोठ्यांचं शुल्क ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांचं ४५ युरो, सहाच्या आतल्यांना माफ. अर्ज केंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विम्यात वैद्यकीय खर्चाचं कवच किमान ३०,००० युरोचं हवं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला आणि परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालणारा हवा.

खरा वेळ जातो तो अर्ज केंद्राची वेळ मिळण्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी निघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच वेळ शोधायला लागा. बँकेचे तीन महिन्यांचे उतारे, नोकरीचं पत्र, राहण्याचं आणि विमानाचं आरक्षण, लग्नाचा दाखला हे सगळं एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवा. मुलांच्या अर्जाला दोन्ही पालकांची संमती लागते. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, त्यामुळे मागच्या शेंगेन व्हिसाची प्रत जोडायला विसरू नका.

माझा नवरा ब्रिटिश नागरिक आहे. मग मला सवलत?

ब्रेक्झिटनंतर ती राहिली नाही. युरोपीय नागरिकांच्या जोडीदारांना मिळणारी सूट आता ब्रिटिश नागरिकांच्या जोडीदारांना लागू नाही. मुलांकडे ब्रिटिश पासपोर्ट, वडिलांकडेही आणि फक्त आई भारतीय पासपोर्टवर अशी खूप घरं आहेत. तिकिटं सगळ्यांची आधी निघतात आणि आईचा व्हिसा शेवटी आठवतो. कृपा करून क्रम उलटा ठेवा.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर इथे आले आहेत. त्यांचा शेंगेन इथून निघेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त माणसं हिरमुसतात. नियम असा आहे की माणूस जिथे कायदेशीर वास्तव्याला आहे त्या देशातून अर्ज करतो. व्हिजिटर व्हिसावर आलेला माणूस ब्रिटनचा रहिवासी धरला जात नाही. अपवाद कागदावर आहे, पण त्यासाठी इथून अर्ज करण्याचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं, आणि "सहलीला जायचंय" हे तसं कारण नव्हे.

म्हणून आई-बाबांचा शेंगेन भारतातूनच काढा. आधी ब्रिटनचा व्हिसा, तो मिळाला की लगेच स्पेनचा. सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहा: अमुक तारखेला लंडनला येणार, अमुक तारखांना मुलीच्या कुटुंबासोबत स्पेनला जाणार, परत लंडनला येऊन मग भारतात. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा बहुधा अनेक प्रवेशांचा असतो, पण त्यांचा तसाच आहे ना हे डोळ्यांनी पाहून घ्या, नाहीतर परतीला अडचण होईल. विमा दोन्ही देशांना पुरेल असा काढा.

आमचा ब्रिटनचा व्हिसा वाढवायचा अर्ज चालू आहे. आठवड्यासाठी जाऊन येऊ?

नका जाऊ. मुदतवाढीचा किंवा कायम वास्तव्याचा अर्ज निकालात निघायच्या आत ब्रिटन, आयर्लंड आणि आसपासच्या बेटांच्या सामाईक प्रवास क्षेत्राबाहेर पाऊल टाकलंत, तर तो अर्ज मागे घेतला असं धरतात. नागरिकत्वाच्या अर्जाला हे लागू नाही. नव्या पासपोर्टवर प्रवास करणार असाल तर त्याचा नंबर तुमच्या ई-व्हिसाच्या खात्यात आधी नोंदवा. परतीच्या विमानात बसताना एअरलाइन तेच तपासते.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना काय लागतं?

९० दिवसांपर्यंत व्हिसा नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी टप्प्याटप्प्याने आली. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, बारा वर्षांच्या आतल्या मुलांचा फक्त फोटो. नोंद तीन वर्षं चालते. व्हिसावर जाणाऱ्यांचे ठसे आधीच घेतलेले असतात, त्यांचा तिथे फोटो काढतात. मालागाला एकाच वेळी चार-पाच विमानं उतरली की रांग लांबते. वडीलधारी सोबत असतील तर पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि कर्मचाऱ्यांना नम्रपणे सांगा.

'ईटियास' नावाची पूर्वपरवानगी वेगळी. ती २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं युरोपीय संघाने जाहीर केलं आहे, शुल्क २० युरो. ती व्हिसा न लागणाऱ्यांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर व्हिसा काढणाऱ्याला तिची गरज नाही.

कुठल्या महिन्यात जावं?

मे-जून किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपार तिशीच्या पुढे जाते आणि गाव गच्च भरतं. या किनाऱ्याचं पाणी भूमध्य समुद्राच्या इतर किनाऱ्यांच्या मानाने गार असतं, भर ऑगस्टमध्येही २२-२३ अंशांच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत दुपारी सतरा-अठरा अंश आणि स्वच्छ ऊन. पोहता येत नाही, पण इंग्लंडच्या काळोखातून आलेल्या माणसाला ते ऊन औषधासारखं लागतं.

दोन दिवस मुद्दाम सांगते. १५ मेला सान इसिद्रोची जत्रा असते. हा शेतकऱ्यांचा संत. सजवलेल्या बैलगाड्या गावातून गुहांच्या दिशेने निघतात, आणि शिंगांना बांधलेली फुलं, झुली पाहून पोळ्याची आठवण येतेच. आणि १६ जुलैला कोळ्यांची देवी, विर्हेन देल कार्मेन. तिची मूर्ती खांद्यावरून किनाऱ्यावर आणतात आणि होडीतून समुद्रावर नेतात. नारळी पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला त्या संध्याकाळी काही समजावून सांगावं लागत नाही.

विमान कुठून, आणि मालागाहून पुढे कसं?

लंडनच्या बहुतेक विमानतळांवरून, शिवाय मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, एडिंबराहून मालागाला थेट विमानं आहेत. लंडनहून पावणेतीन तास धरा. स्पेनचं घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असतं, बारा महिने.

नेर्हाला रेल्वे नाही. विमानतळावरून लोकल गाडी दहा-बारा मिनिटांत मालागा शहरात येते. मारिया सांब्रानो स्थानकाला उतरा. बसस्थानक अगदी शेजारी आहे. तिथून आल्सा कंपनीची बस तासा-दीड तासात नेर्हाला पोचवते. काही बसा विमानतळावरूनच थेट सुटतात, पण त्या मोजक्या, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी बसचं वेळापत्रक पाहा. जाताना बसच्या उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडे आहे.

आई-बाबा किंवा लहान मूल सोबत असेल तर मी सरळ टॅक्सी सांगते. विमानतळ ते नेर्हा सत्तरेक किलोमीटर, ए-७ महामार्गाने तासाभराच्या आत. रात्री उशिरा उतरत असाल तर एक रात्र मालागातच काढा.

विमान टाळून जाता येईल का?

येईल, हौस आणि दोन दिवस हवेत. लंडनहून युरोस्टार रेल्वेने पॅरिस, तिथे स्थानक बदलून बार्सिलोना, मुक्काम, मग दुसऱ्या दिवशी वेगवान गाडीने मालागा.

तूप, लोणचं, लाडू नेता येतात का?

ब्रिटनहून युरोपीय संघात जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. आपल्या लक्षात येत नाही ते हे, की तूप हा दुधाचाच पदार्थ. माझ्या आईने काचेच्या बरणीत घरचं साजूक तूप घेतलं होतं, झाकणावर प्लास्टिक, त्यावर रबर, वर जुन्या साडीचा तुकडा गुंडाळलेला. ती बरणी तपासणीत ठेवून यावी लागली. आईने फक्त तो साडीचा तुकडा सोडवून घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. तुमच्या आईवर ती वेळ येऊ नये म्हणून हे एवढं लिहिते आहे. पनीर, श्रीखंडही नको.

चिवडा, तेलातल्या चकल्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या. ताजा कढीपत्ता नेऊ नका. बहुतेक ताज्या फळांना प्रमाणपत्र लागतं. त्यातून पाच फळं सुटली आहेत: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. तांदूळ, मसूर, छोले, कांदे-बटाटे नेर्हाच्या सुपरमार्केटात मिळतात. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि एक वेळचा खिचडी-भात घरी करा.

शाकाहारी माणसाचं तिथे भागतं का?

भागतं, आणि एका पदार्थासाठी तर मी परत जाईन. त्याचं नाव बेरेनहेनास कोन मिएल. वांग्याचे पातळ काप पिठात घोळवून कुरकुरीत तळतात आणि वर काळसर, दाट पाक सोडतात. मिएल म्हणजे मध, पण हा 'मिएल दे कान्या', उसाचा. आईने पहिला घास घेतला, बोट पाकात बुडवून पुन्हा चाखलं आणि म्हणाली, "अगं, ही काकवी आहे!" अगदी काकवीच. ती येते शेजारच्या फ्रिहिलियाना गावातून. तिथला सोळाव्या शतकातल्या वाड्यातला कारखाना उसाची काकवी करणारा युरोपातला शेवटचा कारखाना म्हणून ओळखला जातो.

या किनाऱ्यावर अरबांनी ऊस आणला आणि शेकडो वर्षं उसाचे मळे होते. ऊस गाळून साखर करायची कला भारतातून इराणमार्गे अरबांकडे गेली होती. स्पॅनिशमधला 'आसूकार' हा शब्द अरबी 'सुक्कर'वरून आणि तो मुळात आपल्या शर्करेवरून आलेला. नेर्हाजवळच्या दरीवर चार मजली कमानींचा जो सुंदर जलसेतू दिसतो, तोही एकोणिसाव्या शतकात साखर कारखान्याला पाणी न्यायला बांधलेला आहे.

बाकी पदार्थांत आहोब्लांको मागवून पाहा: बदाम, लसूण आणि पावाचं थंडगार सार, वर द्राक्षं. गास्पाचो, तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या, टोमॅटो लावलेला पाव. तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतं. सावध राहायचं ते वर भुरभुरलेल्या हॅमपासून आणि सॅलडमधल्या ट्यूनापासून. नुसतं 'मांस नको' म्हणून पुरत नाही, कारण हॅम आणि मासे त्यांच्या लेखी 'कार्ने'त येतीलच असं नाही. म्हणा: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो." भाज्या मासे तळलेल्याच तेलात तळलेल्या असू शकतात. कडक पाळणाऱ्यांनी वांगी मागवताना विचारून घ्यावं.

आणि मासे खाणाऱ्यांचं?

तुमची चैन आहे. बुरियाना किनाऱ्यावर वाळूने भरलेल्या जुन्या होडीत लाकडाचा विस्तव करतात आणि बांबूच्या सळीत ओवलेल्या तारल्या त्याच्या कडेला तिरप्या रोवतात. याला एस्पेतो म्हणतात. जाडं मीठ, लिंबू, बस्स. मे ते ऑगस्टमध्ये तारली चरबीने भरलेली असते. बोकेरोन म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा, पिठात घोळवून अख्खा तळलेला. जेवणाच्या वेळा मात्र त्यांच्या: दुपारी दोननंतर, रात्री साडेआठ-नवाच्या पुढे.

तिथे आंबे होतात हे खरं?

खरं आहे. नेर्हा ज्या आक्सार्किया भागात येतं, तिथे डोंगरउतारांवर आंब्याच्या आणि अवाकाडोच्या बागा आहेत. मुख्य जात ऑस्टीन, जांभळट सालीची. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. माझे वडील रत्नागिरीकडचे. फ्रिहिलियानाच्या रस्त्यावर बस वळण घेताना त्यांनी बाग पाहिली आणि परतीला चालत जायचा हट्ट धरला. कुंपणाबाहेर आलेल्या फांदीखालचं एक गळलेलं पान उचललं, चुरगाळून नाकाशी धरलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच उभे राहिले. फळ त्यांनी दुसऱ्या दिवशी बाजारातून आणलं. रेषा नाही, गोड आहे, पण हापूसचा वास त्याला नाही, असा निकाल दिला आणि उरलेले चार दिवस रोज एक खाल्ला.

शरद ऋतूपासून पुढे चिरिमोया मिळतो. सीताफळ-रामफळाच्याच कुळातलं फळ. हाताला किंचित मऊ लागलं की चमच्याने खा, बिया काढून.

आईचे गुडघे दुखतात. झेपेल का?

गाव झेपेल, किनारे जपून निवडा. नेर्हा कड्यावर वसलेलं आहे, त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर पायऱ्यांनी किंवा उताराने उतरावं लागतं. बुरियाना सगळ्यात मोठा आणि सोयीचा, पण त्याचा रस्ता उभा चढाचा. परत येताना टॅक्सी घ्या. तोरेसिया किनारा गावाच्या जवळजवळ पातळीला आहे, ज्येष्ठांसाठी मी तो सुचवते. वाळू करडी आणि खरबरीत आहे, पायात चप्पल हवी.

बाल्कोन दे एउरोपा, म्हणजे युरोपचा सज्जा, ही कड्याच्या टोकावरची सपाट फरसबंद जागा. २५ डिसेंबर १८८४ च्या मोठ्या भूकंपानंतर राजा अल्फोन्सो बारावा इथे पाहणीला आला होता. हे नाव त्यानेच दिलं असं गावात सांगतात, आणि कठड्यापाशी त्याचा पुतळा उभा आहे. आई इथे रोज संध्याकाळी बसायची.

गुहा पाहाव्यात का?

जरूर. गावापासून चारेक किलोमीटरवर मारोजवळ. १२ जानेवारी १९५९ ला पाच मुलांना त्या सापडल्या. आतल्या एका दालनात छत ते जमीन ३२ मीटर उंचीचा खांब आहे, पाण्याच्या थेंबाथेंबाने घडलेला. पायऱ्या बऱ्याच आणि दमट आहेत, गुडघेदुखीवाल्यांनी बाहेरच्या बागेत थांबलेलं बरं. तिकीट आधी ऑनलाइन काढा.

स्पॅनिश येत नाही, अडेल का?

नेर्हात इंग्रजी बऱ्यापैकी चालतं. पण आई-बाबांना सांगा की त्यांना थोडं स्पॅनिश आधीच येतं. काही शब्द पोर्तुगीजांनी आपल्या भाषेत सोडले, काही इतर वाटांनी आले-गेले, आणि ते स्पॅनिशचे सख्खे शेजारी आहेत. बटाटा 'पाताता'. साबण 'हाबोन'. पैसे देणं 'पागार', जो महिन्याला आपल्या खात्यात येतो तोच शब्द. संत्रं 'नारांहा', म्हणजे नारिंग. बाबा दुसऱ्या दिवसापासून हॉटेलात "पागार, पागार" म्हणून पाकीट काढायला लागले आणि वेटर त्यांना नावाने ओळखू लागला.

आजारी पडलं तर?

आणीबाणीचा क्रमांक ११२. हिरव्या क्रॉसची दुकानं म्हणजे फार्मसी. किरकोळ दुखण्याला तिथला औषधवाला नीट सल्ला देतो. ब्रिटनच्या रहिवाशांनी एनएचएसचं (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं) मोफत जीएचआयसी कार्ड, म्हणजे युरोपातल्या सरकारी उपचारांसाठीचं कार्ड, काढावं, पण ते विम्याची जागा घेत नाही. व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांचा आधार त्यांचा विमाच. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

प्लग कुठला?

दोन गोल पिनांचा. ब्रिटनच्या प्लगला अडॅप्टर लागतो. भारतातून आणलेला दोन बारीक पिनांचा चार्जर थेट बसतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं.

परत येताना काय आणता येतं?

चीज आणि हॅम नाही. १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ग्रेट ब्रिटनमध्ये येताना गाय, शेळी, मेंढी, डुक्कर यांचं मांस आणि दूधदुभतं स्वतःपुरतंही आणायला बंदी आहे, दुकानातलं सीलबंद असलं तरी. ऑलिव्ह तेल, बदाम, मनुका आणा. आणि फ्रिहिलियानाची काकवी आणाच. ती द्रव असल्याने हातातल्या बॅगेत चालेल या भरवशावर राहू नका, बाटली प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घट्ट बांधून मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा. आमची आईने त्या साडीच्या तुकड्यात गुंडाळली होती. इंग्लंडपर्यंत थेंबही सांडला नाही.